वास्तुविशारदांची संघटना आणि सातपुड्यातील घर

(नंदुरबार जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात शाळेची नवी खोली बांधावयाची असते, घरकुलांची यादी मंजूर होते, आश्रमशाळेला वसतिगृहाची इमारत मिळते. अशा वेळी सरपंच असतात, ग्रामपंचायत अधिकारी असतात, अभियंता येतो, ठेकेदार येतो, गवंडी आणि सुतार तर असतातच. परंतु ज्याने पाच वर्षे इमारतीच्या आराखड्याचाच अभ्यास केला आहे, तो वास्तुविशारद या मंडळींत सहसा दिसत नाही. त्याचे काम शहरातले, पैसेवाल्यांचे, बंगल्यांचे आणि मनोऱ्यांचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काही ठिकाणी तर वास्तुविशारद म्हणजे दाराची दिशा पाहून शुभाशुभ सांगणारा, असाही गैरसमज आढळतो. वस्तुतः ऊन, वारा, पाऊस, जमिनीचा उतार, राहणाऱ्यांची संख्या आणि हाती असलेला पैसा यांचा मेळ घालून जागा राहण्याजोगी करणे, हे त्याचे शास्त्र आहे.

हा व्यवसाय आणि सामान्य जनता यांच्यातील अंतर कमी करण्याचे काम एकेकटा व्यावसायिक करू शकत नाही. ते त्याच्या संघटनेने करावयाचे असते. ही संघटना कशी उभी राहिली, ती आपल्या सभासदांना कशी बांधून ठेवते, जनतेकडे कशी जाते आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याने तिच्याकडून काय मागावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विद्यार्थ्यांच्या मंडळातून देशव्यापी संस्था

या देशातील वास्तुविशारदांच्या सर्वांत जुन्या संघटनेचा जन्म मुंबईत झाला. सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी १९१७ साली आपले एक मंडळ स्थापन केले. त्याचे पहिले अध्यक्ष होते जॉर्ज विटेट, म्हणजे ‘गेटवे ऑफ इंडिया’चा आराखडा करणारे वास्तुकार. १९२२ मध्ये या विद्यार्थी मंडळाचे रूपांतर व्यावसायिकांच्या बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये झाले आणि १९२९ मध्ये तिला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे आजचे नाव मिळाले. इंग्लंडमधील अशीच संस्था १८३४ साली स्थापन झाली होती. तिचा आदर्श मुंबईच्या मंडळींसमोर होता.

या इतिहासातील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संस्थेची सुरुवात प्रतिष्ठित व्यावसायिकांनी केली नाही, तर शिकणाऱ्यांनी केली. परस्परांचे काम पाहावे, त्यावर चर्चा करावी, जाणकारांची व्याख्याने ऐकावीत, एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू होता. शिकत राहण्याची इच्छा हाच तिचा पाया होता.

सभासदांशी असलेले नाते

कोणतीही व्यावसायिक संघटना सभासदांना दोन प्रकारे जवळ ठेवते. एक, ती त्यांना काही देते. दुसरे, ती त्यांच्याकडून काही अपेक्षा करते. इन्स्टिट्यूटने १९३४ पासून आपले नियतकालिक सुरू केले. एका गावी बसून काम करणाऱ्या वास्तुविशारदाला दुसऱ्या प्रांतात काय बांधले जात आहे, कोणते साहित्य वापरले जात आहे, हे त्यातून कळू लागले. व्याख्याने, अधिवेशने, उत्तम कामाला पारितोषिके आणि ज्येष्ठांच्या जीवनकार्याचा गौरव करणारे बाबुराव म्हात्रे यांच्या नावाचे सुवर्णपदक, या मार्गांनी सभासदांचा संबंध टिकून राहिला. राज्याराज्यांत शाखा आणि शहराशहरांत केंद्रे स्थापन झाली. महाराष्ट्र शाखेची पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर यांसारख्या ठिकाणी केंद्रे आहेत.

दुसरी बाजू शिस्तीची. १९७२ साली संसदेने वास्तुविशारदांचा कायदा केला. त्यानुसार वास्तुकला परिषद अस्तित्वात आली आणि नोंदणी करणे तिच्याकडे आले. या परिषदेवर पाच प्रतिनिधी निवडून पाठविण्याचा अधिकार कायद्याने इन्स्टिट्यूटला दिला. म्हणजे संस्थेच्या साध्या सभासदाचे मतही देशातील वास्तुशिक्षणाच्या आणि व्यवसायाच्या नियमनापर्यंत पोहोचते. परिषद ही कायद्याने निर्माण केलेली यंत्रणा, तर इन्स्टिट्यूट ही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची संस्था. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे कोणाकडे काय मागावयाचे, याबद्दल घोटाळा होत नाही. नोंदणीसंबंधी अथवा गैरवर्तनासंबंधी तक्रार असेल तर ती परिषदेकडे करावयाची. सहकार्य, मार्गदर्शन आणि स्वयंसेवा हवी असेल तर ती संघटनेकडे मागावयाची.

कायद्याचे संरक्षण आणि लोकांचा विश्वास

व्यावसायिक आचरणाचे नियम १९८९ साली ठरले. कामाच्या अटी व शुल्क ग्राहकाला स्पष्ट सांगावे, दुसऱ्याचे काम हिरावून घेऊ नये, असे दंडक त्यांत आहेत. त्यांतील एक नियम असा की, काही अपवाद सोडल्यास वास्तुविशारदाने आपल्या सेवेची जाहिरात करू नये. नियमामागील हेतू चांगला आहे. परंतु त्याचा एक परिणाम झाला. सिमेंटची जाहिरात भिंतीभिंतीवर दिसते, पत्र्याची दिसते, सळईची दिसते. मात्र हे साहित्य कोठे वापरावे व कोठे वापरू नये, हे सांगणाऱ्याची पाटी कोठेच नसते. एकट्याने बोलण्यावर बंधन असल्यावर संघटनेने बोलावयाचे असते. म्हणून जनतेशी संपर्क ठेवणे हे तिचे मूळ कर्तव्य ठरते.

याला आणखी एक कारण आहे. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयाने हे स्पष्ट झाले की, १९७२ चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याने ते नाव लावता कामा नये. परंतु इमारतीचा आराखडा करण्याचे काम या कायद्याने केवळ नोंदणी झालेल्यांसाठी राखून ठेवलेले नाही. याचा सरळ अर्थ असा की, व्यवसायाला काम मिळावयाचे ते त्याच्या उपयुक्ततेवर लोकांचा विश्वास बसला तरच. असा विश्वास अधिनियमाने मिळत नाही. तो एकेका इमारतीने आणि एकेका भेटीने मिळवावा लागतो.

जनतेसमोर गेलेली संघटना

जनतेसमोर जाण्याचे एक ठळक उदाहरण नोव्हेंबर १९३७ मधले आहे. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये इन्स्टिट्यूटने ‘आदर्श घरा’चे प्रदर्शन भरविले. बारा दिवसांत सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिले. स्वयंपाकघर कसे असावे, न्हाणीघर कसे असावे, थोड्या जागेत सामान कसे मांडावे, हे तेथे सजविलेल्या खोल्यांतून दाखविले होते. कागदावरील नकाशा सामान्य माणसाला वाचता येत नाही. परंतु खोलीत उभे राहिल्यावर उजेड कोठून येतो, हे त्याला तत्काळ समजते. प्रदर्शनाचे हे मर्म आजही जुने झालेले नाही. मात्र ते घर शहरी मध्यमवर्गाचे होते. शेतकऱ्याचे, शेतमजुराचे, डोंगरातल्या पाड्याचे घर त्या दालनांत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरे उदाहरण विचार मांडण्याचे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या वाढीला खाडीपलीकडे वळविण्याची कल्पना मांडली आणि १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकाने ती वाचकांसमोर ठेवली. पुढे १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईचे काम सुरू झाले. हे कार्य संघटनेचे नव्हते, तिघा व्यक्तींचे होते. तरी त्यातील बोध संघटनेला लागू पडतो. नगररचनेचा प्रश्न जाणकारांनी लोकांच्या भाषेत मांडला, तर शासनालाही त्याची दखल घेता येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेच्या प्रारूपावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. नकाशातील रंग आणि खुणा यांचा अर्थ लोकांना समजावून देणे, हे संघटनेच्या केंद्रांना सहज करता येण्याजोगे काम आहे.

तिसरे उदाहरण दुःखद आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर जड माळवद अशी तेथली घरे होती. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड त्यांत नव्हता. त्यामुळे पदर सुटले आणि छताचा भार निजलेल्या माणसांवर कोसळला. पुनर्वसनात दोन प्रकारची कामे झाली. काही गावे पूर्णपणे नव्या जागी वसविली गेली. तर अन्यत्र घरमालकांनी शासनाच्या अर्थसाहाय्यातून व अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली आपली घरे स्वतः दुरुस्त व बळकट करून घेतली. या दुसऱ्या कामात महिला मंडळांतील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून तज्ज्ञ आणि कुटुंबे यांच्यामधला दुवा सांभाळला. नव्या वसाहतींतील सरळ रस्ते आणि दूरदूरची घरे यांत जुन्या आळीचा शेजार हरवला, अशी टीका पुढे झाली. ज्या घराच्या बांधणीत कुटुंबाचा हात लागला, ते घर कुटुंबाने आपले मानले. तज्ज्ञाचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचण्यास मधल्या माणसाची गरज असते, हा किल्लारीचा धडा आहे.

नंदुरबारचे चित्र

आता आपल्या जिल्ह्याकडे वळावयाचे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. तापीकाठचा सपाट मुलूख एकीकडे, तर सातपुड्याचे डोंगर आणि नर्मदेचा काठ दुसरीकडे. एकाच जिल्ह्यात घराच्या दोन निराळ्या परंपरा आहेत.

डोंगरातील भिल्ल व पावरा कुटुंबांचे घर सागाच्या खांबांवर उभे असते. बांबूच्या किंवा काटक्यांच्या कुडाच्या भिंती, त्यांना शेणमातीचे लिंपण आणि वर उतरते कौलारू छप्पर. कुडातून हवा खेळते, छपराखाली उंची असल्याने उष्मा वर राहतो, आणि भिंत हलकी असल्याने कोसळली तरी जीव घेत नाही. एकाच छपराखाली माणसे, गुरे, कोंबड्या आणि धान्याच्या कणग्या यांची सोय असते. गाव म्हणजे घरांची दाटी नव्हे. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, आणि असे विखुरलेले पाडे मिळून गाव होते.

सपाटीवर मातीची किंवा विटांची घरे आणि खानदेशी धाबे. धाब्याखाली उन्हाळ्यात गारवा मिळतो. परंतु वरचा मातीचा भार मोठा असतो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, आणि तापी व नर्मदेचे खोरे भूकंपाच्या दृष्टीने अगदीच निर्धास्त मानता येत नाही. किल्लारीचे माळवद आणि आपले धाबे यांत साम्य आहे, हे विसरून चालणार नाही.

जुने ते सर्व चांगले, असा याचा अर्थ मुळीच नाही. कुडाचे लिंपण वर्षानुवर्षे करावे लागते, आणि ते कष्ट बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येतात. वाळवी लागते, आग लागते, पावसात ओल येते, भिंतीच्या फटींतून साप शिरतो. सागाचे लाकूडही पूर्वीसारखे मिळत नाही. पक्के घर हवे, ही कुटुंबाची इच्छा सर्वस्वी न्याय्य आहे. प्रश्न एवढाच की, पक्के घर बांधताना जुन्या घरातील शहाणपण बाहेर टाकलेच पाहिजे काय?

२०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, आणि एकक अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये व डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ठरविण्यात आले. एवढ्या पैशात काम बसवावयाचे, तर गवंडी त्याला येत असलेला एकच नमुना उभा करतो. चार भिंती, लहान खिडकी आणि वर पत्रा. वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि श्रावणात पावसाच्या माऱ्याने बोललेले ऐकू येत नाही. गुरे कोठे बांधावयाची, कणगी कोठे ठेवावयाची, चुलीचा धूर कोठून जावयाचा, याचे उत्तर आराखड्यात नसते. मग कुटुंब शेजारी पुन्हा कुडाचे खोपटे उभारते, त्यात राहते आणि घरकुलात सामान ठेवते. शासनाचा पैसा खर्च झाला, परंतु घर झाले नाही, असे म्हणण्याची वेळ अशा ठिकाणी येते.

वसाहतीच्या रचनेचा अनुभवही या जिल्ह्याने घेतला आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि तेथील अनेक कुटुंबे तळोदे तालुक्यातील सोमावलसारख्या ठिकाणी वसविली गेली. शेतात सुटे घर असलेल्या माणसाला एका ओळीत आखलेला भूखंड मिळाला. अशा वेळी जमिनीच्या मोजणीइतकीच राहणीची मोजणी आवश्यक असते.

संघटनेकडून काय मागावे

येथे वास्तुविशारदांच्या संघटनेचा खरा उपयोग आहे. घरकुलाचा लाभार्थी शुल्क देऊ शकत नाही, आणि एकेका घरासाठी स्वतंत्र वास्तुविशारद नेमणे व्यवहार्यही नाही. परंतु शंभर घरांना उपयोगी पडतील असे चार नमुना आराखडे करून घेणे सहज शक्य आहे. त्यांतील एक डोंगराचा, एक सपाटीचा. एक गुरे असलेल्या कुटुंबाचा, एक पुढे खोली वाढविता येईल असा. पंचायत समिती अथवा जिल्हा परिषद यांनी संघटनेच्या महाराष्ट्र शाखेला किंवा नाशिक केंद्राला रीतसर पत्र लिहून अशी मागणी करावी. मागणीत कामाचे स्वरूप, मुदत आणि प्रवासखर्चाची तरतूद स्पष्ट असावी. ‘काहीतरी मदत करा’ असे मोघम पत्र फाईलमध्येच राहते.

दुसरी मागणी प्रात्यक्षिकाची. २०२० मध्ये सुरू झालेल्या महाआवास अभियानात तालुक्याच्या ठिकाणी नमुना घरे बांधण्याचा कार्यक्रम घेण्यात आला. १९३७ च्या प्रदर्शनाचेच हे ग्रामीण रूप म्हणावे लागेल. असे घर धडगावच्या किंवा मोलगीच्या बाजारास येणाऱ्या माणसाला आत जाऊन पाहता आले, पत्र्याखाली बांबूची तट्टी घातल्याने किती फरक पडतो हे अंगाला जाणवले, तर दहा भाषणांपेक्षा अधिक काम होईल. बाजाराच्या दिवशी तेथे एक वास्तुविशारद दोन तास बसला, तर पुष्कळांच्या शंका फिटतील.

तिसरी मागणी गवंड्यांच्या प्रशिक्षणाची. केरळात कोल्लम येथे १९८५ च्या सुमारास जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने ‘निर्मिती केंद्र’ सुरू झाले आणि कमी खर्चाच्या बांधकामाचे शिक्षण कारागिरांना मिळू लागले. गावातील घर शेवटी गवंडीच बांधतो. कोपरे कसे बांधावेत, पट्टा कोठे घालावा, खिडकी समोरासमोर का ठेवावी, हे त्याला पटले की पुढील शंभर घरे सुधारतात.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची. वास्तुकला महाविद्यालयांतील विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जुन्या इमारतींची व गावांची मोजणी करून आराखडे काढतात. त्यांना सातपुड्यात बोलवावे. मात्र त्यांनी काढलेल्या आराखड्यांची एक प्रत त्या गावच्या ग्रामसभेस मिळाली पाहिजे, अशी अट प्रारंभीच घालावी. पाहुणे येतात, छायाचित्रे घेतात आणि निघून जातात, हा अनुभव आदिवासी गावांना पुरेसा आहे.

शिक्षक व पंचायतीची जबाबदारी

संघटना आली तरी तिची भाषा शहरी असणार. येथे भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणारा समाज आहे. म्हणून किल्लारीच्या संवाद सहायकांचे काम येथे शिक्षकांना आणि बचत गटांतील भगिनींना करता येईल. घराविषयी प्रश्न विचारताना प्रथम घरातील स्त्रीला विचारावे. चूल, पाणी, धान्य आणि लिंपण यांचा हिशेब तिच्यापाशी असतो.

पंचायत सदस्यांनीही नकाशा पाहण्याची सवय लावून घ्यावी. ग्रामसभेत इमारतीचा खर्च वाचून दाखविला जातो; त्याच वेळी आराखडाही भिंतीवर लावावा आणि चार साधे प्रश्न विचारावेत. दुपारचे ऊन कोणत्या बाजूने येणार? पावसाचे पाणी कोठे जाणार? मुलींच्या वसतिगृहात रात्री स्वच्छतागृहाकडे जाण्याची वाट सुरक्षित आहे काय? आग लागली तर बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोठे आहे? या प्रश्नांना पदवी लागत नाही. ते विचारले गेले, तर आराखडा करणाराही अधिक जपून काम करील.

वास्तुविशारदांच्या संघटनेवरही मोठी जबाबदारी आहे. तिची अधिवेशने बहुधा मोठ्या शहरांत भरतात, पारितोषिके मोठ्या इमारतींना मिळतात, आणि डोंगरातील तालुक्यांत तिचा सभासद क्वचितच आढळतो. शंभर वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी जे मंडळ काढले, त्याला सातपुड्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. थोडक्या साहित्यात, उतारावर, हलके आणि हवेशीर घर कसे उभारावे, याचे ज्ञान येथील वृद्ध सुतारांच्या हातात आहे. ते लिहून ठेवले गेले नाही, तर एका पिढीत नाहीसे होईल.

तेव्हा हे देणे एकतर्फी नाही. जिल्ह्याला नकाशा वाचणारा मित्र हवा आहे, आणि त्या मित्राला जमीन वाचणारा गुरू हवा आहे. दोघांची गाठ घालून देणे हे प्रशासनाचे, शिक्षकांचे आणि पंचायतींचे काम होय. येत्या ग्रामसभेत घरकुलांचा विषय निघेल तेव्हा लाभार्थ्यांच्या यादीबरोबर घराचा आराखडाही सभेसमोर यावा, एवढ्या लहानशा ठरावाने त्याची सुरुवात करता येईल.